चांदी, बेदाणे आणि चिपसाठी जागा

सातारा-सांगलीकडे लोक घाट बघायला जातात, धरण बघायला जातात, लग्नकार्याला जातात. मी गेले ती हवेतली धूळ, विजेची मिणमिण आणि पाण्याचा निवळपणा तपासायला. त्यामुळे या प्रवासात एकही फोटो नीट आलेला नाही. जे आहेत ते ट्रान्सफॉर्मरचे, गटारांचे आणि एका काळ्या पडलेल्या पट्टीचे.

आमची पुण्यातली कंपनी चिप घडवत नाही. घडलेली चकती बाहेरून येते. तिचे बारीक तुकडे करायचे, ते तांब्याच्या पातळ जाळीदार पट्टीवर बसवायचे, केसाहून बारीक तारांनी जोडायचे, वर काळं कवच चढवायचं आणि तपासून पुढे पाठवायचं, एवढं आमचं काम. तुमच्या स्कूटरच्या मीटरमध्ये किंवा पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये पाय फुटलेला काळा किडा दिसतो ना, तो आमच्यासारख्यांच्या हातून गेलेला असतो. या कामासाठी दुसरं युनिट काढायचं ठरलं तेव्हा दोन नावं उरली. एक दुसऱ्या राज्यातलं, जिथे जमीन, वीज, रस्ता सगळं वाढलेल्या ताटासारखं तयार होतं. दुसरा आपला सातारा-सांगलीचा पट्टा.

"सोमवारी मला एक पान पाहिजे," साहेब म्हणाले. "डावीकडे जमेचं, उजवीकडे खटकणारं. आणि नीलाताई, तुमचं माहेर वाईचं. माया घरी ठेवून जा."

माया घरी ठेवली. छत्री, टॉर्च, पाणी तपासायच्या पट्ट्या, हवेतली धूळ मोजायचं छोटं यंत्र आणि सुकी चटणी घेतली. शिवाय एक जास्तीचं काम होतं. कवठे महांकाळजवळचे एक बापू आमच्यासाठी त्या तांब्याच्या पट्ट्यांवर चांदीचा मुलामा चढवून नमुने पाठवत होते. नमुना आला की त्यावर काळे-पिवळे डाग. डागावर तार चिकटत नाही. दर वेळी आम्ही नापास करायचो, दर वेळी बापू म्हणायचे, "आमच्याकडनं पांढरी गेली." या खेपेला मी समक्ष बघून काय तो निकाल लावायचा होता.

सातारा

गाडी चालवायला आमचा संतोष. मूळचा कोरेगावचा, पुण्यात राहून भाषा निम्मी बदललेली. खंबाटकीचा घाट संपेपर्यंत मी तीन वेळा पिशवी उघडून बंद केली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, गाडी चालू असताना तुम्ही पण चालतच असता बघा."

साताऱ्यात देशमाने म्हणून जुन्या ओळखीचे साचे बनवणारे आहेत. त्यांच्या कारखान्यात गेलं की माझा जीव थोडा शांत होतो, कारण तिथे प्रत्येक हत्याराला भिंतीवर त्याची जागा रंगवलेली आहे. त्यांनी एक साचा उघडून दाखवला. दोन्ही अर्धे मिटवले की मधली रेघ नखालाही लागत नाही. आमच्या पट्ट्या कापायला असलेच साचे लागतात आणि ते आम्ही आजवर परदेशातून आणतो.

"पुण्याच्या गाड्यांचे कितीतरी भाग आमच्या साच्यातनं निघतात," देशमाने म्हणाले. "गाडीवर नाव मात्र पुण्याचं. आता चिपवर तरी आमचं लिहा की."

"चिपवर नाव लिहायला जागा नसते हो."

"मग बारीक अक्षरात लिहा. तेवढा बारीक साचा मी करून देतो."

आम्ही हसतोय तेवढ्यात दिव्यांनी एकदा डोळा मिचकावला. डोळ्याची पापणी लवावी एवढंच. कारखान्यात कुणी मान वर केली नाही, चहावाल्याचा हातही हलला नाही. मी मात्र उठून उभी राहिले.

"असं रोज होतं?"

"काय?"

"वीज गेली ना आत्ता."

"गेली आणि आली! त्याला वीज गेली म्हणायचं होय?"

इथेच गोम आहे. वीज तासभर गेली तर आम्ही जनरेटर लावू. पण असा डोळा मिचकावला की आमचं यंत्र कुठे होतं ते विसरतं आणि त्याच्या पोटातला सगळा माल टाकून द्यावा लागतो. सातारकर ज्याला वीज गेली असं म्हणतही नाहीत, त्याने आमचं दिवाळं निघतं. डावीकडे साचे लिहिले, उजवीकडे पापणी.

कोयनानगर

पाटण सोडलं की रस्ता नदीला बिलगून वळतो आणि मोबाइलची रेंज जाते. साहेबांचे फोन थांबले. खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण मला फोन आला नाही की अधिकच चुळबुळ होते. फाल्गुनाचे दिवस. पांगारा लाल फुललेला, डोंगरांवर वणव्याचे काळे पट्टे आणि खाली ते गार, हिरवं पाणी.

पाणी तपासलं. इतकं मऊ आणि निवळ, की ते शुद्ध करायचा आमचा निम्मा खर्च वाचेल. शिवाय उगमालाच वीज. इथेच कारखाना टाकला तर, असा विचार डोक्यात येतो न येतो तोच टपरीवर चहाला बसलो आणि माझं लक्ष भिंतीवरच्या फळीकडे गेलं. बरण्यांच्या पुढे आडवी लाकडी पट्टी ठोकलेली होती, पाळण्याला कठडा असतो तशी.

"ही कशाला हो मावशी?"

"हादऱ्याला," टपरीवाल्या मावशी म्हणाल्या. "न्हाईतर बरण्या गडगडत खाली येत्यात."

"भीती नाही वाटत?"

"मोठा असला तर भाईर पळायचं. बारका असला तर हातातली भाकरी तव्यावर पडूस्तवर थांबायचं. सारखं पळून कसं भागल?"

संतोषने माझ्याकडे पाहिलं. आमच्या यंत्रांच्या खाली ट्रक गेल्याचा हादरा लागू नये म्हणून आम्ही पाया वेगळा बांधतो. आणि इथे बरण्यांना कठडे. मी चहा अर्धा ठेवून उठले. मावशींनी मागून आवाज दिला, "आवं बाई, चहा तरी प्या की. धरण कुटं पळून चाललंय?"

परत येऊन प्यायले. गवती चहा घातलेला होता आणि खरंच तसा चहा पुण्यात मिळत नाही.

सांगली

सांगलीत लॉजच्या गच्चीवर मी पांढरी ओढणी वाळत घातली आणि सकाळी ती ठिपक्यांची झाली होती. बोट लावलं तर ठिपक्याची रेघ झाली. उसाचं पाचट जाळल्याची आणि कारखान्याच्या धुराड्याची काजळी. आमच्या कामाच्या खोलीत माणूस डोक्यापासून पायापर्यंत झाकून आत जातो, इतकं हवेचं सोवळं. मी मॅनेजरला ओढणी दाखवली.

"ताई, साखर हाय ती," तो शांतपणे म्हणाला. "धुराडं बंद पडलं की आमी रडतो."

जिन्यात त्याने दुसरी एक गोष्ट दाखवली. माझ्या डोक्याच्याही वर रंगाने मारलेली रेघ, महापुराचं पाणी तिथवर आलेलं. जेवायच्या जागी ताटात भडंग मिसळलेली कोशिंबीर आली. ही तऱ्हा मी कुठेच पाहिली नव्हती. पण जेवताना मी रेघेचाच विचार करत होते.

मग इंजिनिअरिंग कॉलेजात गेले. प्रयोगशाळेत मुलीच जास्त. हात स्थिर, प्रश्न नेमके. मी विचारलं, इथे युनिट आलं तर इथे राहून काम कोण कोण करेल? हात वर झाले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र केला नाही.

"तुला पुण्याला जायचंय?"

"तसं नाही मॅडम. दर वर्षी कुणीतरी येतं, आम्हाला हात वर करायला लावतं आणि जातं. हात दुखतात आता."

वर्ग हसला. मीही हसले, पण गाडीत बसल्यावर ते हसू टिकलं नाही. जमेच्या बाजूला मी 'मुली' असं लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. चांगली माणसं घडवायची सांगलीने आणि वापरायची पुण्याने, हे जमेचं की खटकणारं?

कवठे महांकाळ

मिरजेपासून पूर्वेला गेलं की ऊस विरळ होतो, माती फिकी होते, आणि मग अचानक द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेडं. हिरव्या जाळीखाली थरावर थर पसरलेली द्राक्षं. हवा इतकी कोरडी की ओठ तडकतात. माझ्या यंत्राने इथे धूळ कमी दाखवली. ऊस नाही, काजळी नाही, पूर नाही, हादरे नाहीत. जागा सापडली असं वाटून मी संतोषला गाडी हळू घ्यायला सांगितलं.

बापूंचं घर मोठं, दुमजली, पण त्यात माणसं थोडी. या भागातल्या कितीतरी घरांतले पुरुष देशभर सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात पांगलेले आहेत. सराफी पेठेतल्या एखाद्या बोळात भट्टी, वर राहायची खोली. सणाला गावी यायचं, घर बांधायचं आणि ते बंद करून परत जायचं.

"आमचा आजा मेंढरामागं गेला, बा सोन्यामागं गेला, मी चांदीमागं," बापूंनी पायावर पाणी घालता घालता सांगितलं. "आमच्या घरात कोन कवा घरात ऱ्हायलंच न्हाई."

बापू तीस-एक वर्षं सेलमला होते. आता ती भट्टी त्यांचा मुलगा सागर सांभाळतो. सून वैशाली इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. चिपच्या पट्ट्यांना चांदी लागते हे तिने कुठेतरी वाचलं आणि सासऱ्यांना म्हणाली, मामा, चांदी आपल्याला कळते, बाकीचं मी शिकते. परसात त्यांनी एक खोली बांधली, टाक्या बसवल्या. काम लागलं की सागरने गावी यायचं, असं ठरलेलं. काम काही लागत नव्हतं.

"ह्या टायमाला तुमी न्हाई म्हनला," बापू म्हणाले, "तर पाडवा झाला की टाक्या विकायच्या आन् सगळ्यांनीच सेलमला जायचं. पोरीची शाळा बी तिकडंच."

 वैशालीने मला पायात घालायला कापडी मोजे दिले आणि दार उघडलं. उंबऱ्यावर पाटी होती, 'चपला बाहेर. मामांनी सुद्धा.'

खोलीत मी सगळं तपासलं. टाकीचं तापमान, पाण्याची शुद्धता, धुण्याच्या तीन पायऱ्या, वाळवणं. चूक सापडत नव्हती. चूक सापडली नाही की मला जागेवर बसवत नाही. मी त्या छोट्या खोलीत इतक्या फेऱ्या मारल्या की बापू दारातून म्हणाले, "ताई, बसा की. तुमच्यामुळं टाकीतलं पानी ढवळाय लागलंय." माझ्यासमोर काढलेली पट्टी लख्ख पांढरी होती. आमच्याकडे आलेल्या, मी बरोबर आणलेल्या पट्ट्या पिवळ्या-काळ्या.

"कुरिअरवाल्यानं काय केलं असंल," बापू म्हणाले.

"कुरिअरवाला पाकीट फोडून चांदी काळी कशाला करेल बापू?"

"मग तुमच्यातल्या कुनाचं तरी हात घामट असत्याल."

"आमचे लोक हातमोजे घालतात."

"मोज्यात घाम येत न्हाई व्हय?"

आवाज चढायला लागले तसं काकूंनी, म्हणजे बापूंच्या बायकोने, जेवायला हाक मारली. हुलग्याचं माडगं, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. माडगं म्हणजे कुळथाच्या पिठाचं गरम, गुळचट पेय. उन्हातून आल्यावर गरम कशाला, असं मला वाटलं होतं, पण घामच थांबला. काकू स्वतः जेवल्या नाहीत. ओसरीवर चिंचेचा कोळ घेऊन निरांजन, तबक, अत्तरदाणी आणि स्वतःची जोडवी घासत बसल्या होत्या. सगळी चांदी काळी ठिक्कर.

"पाडव्याची तयारी?" मी विचारलं.

"व्हय. बेदान्याच्या दिवसात चांदी काय ऱ्हात न्हाई बघा. दर सालाला पाडव्याच्या आधी घासायची. माझी सासू बी घासायची."

मी हो हो म्हटलं आणि चटणी घेतली. ऐकलं आणि पुढे गेले, त्या घरातल्या सगळ्यांसारखीच.

निघायची वेळ झाली. वैशालीने नवे नमुने बटर पेपरात गुंडाळले. मग कोपऱ्यातलं एक पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, त्यावर द्राक्षाच्या घडाचं चित्र. तळाशी नमुने ठेवले, वर बेदाण्याची पिशवी ठेवली आणि तोंड चिकटवायला टेप शोधू लागली.

"बेदाणे कशाला?"

"रिकामा डबा कसा पाठवायचा ताई? मामा म्हणतात, पुण्याची माणसं आपला माल तपासायला एवढे कष्ट घेतात, तोंड गोड करायला पायजे. दर वेळी देतो की. समोर चुलत्यांचं शेड आहे, खोकीपण तिथलीच."

दर वेळी देतात, हे मला माहीत होतं. ते बेदाणे आमच्याकडे तपासणी विभागात पोचायचे, खोकं उघडलं की आधी पिशवीवर उडी पडायची, आणि तोंडात बेदाणे असताना आम्ही 'डाग, नापास' असं लिहायचो. मी पिशवी उघडून नाकाशी नेली. गोड वासाखाली आगकाडी ओढल्यासारखा बारीक वास. बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. आणि गंधक चांदीला काय करतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

मी ओसरीवर पाहिलं. वैशालीनेही त्याच वेळी ओसरीवर पाहिलं. काकूंच्या हातातलं जोडवं एका बाजूने पांढरं झालं होतं.

"आत्या," वैशाली सासूला म्हणाली, "सेलमला तुमची जोडवी काळी पडायची?"

"छ्या. तिकडं कुटं? हितंच."

वैशालीच्या हातातला टेप तसाच राहिला. बापू एकदा खोक्याकडे, एकदा सुनेकडे बघत होते. आयुष्यभर चांदी हाताळलेला माणूस. म्हणाले, "म्हंजे मीच गोड पाठवून कडू खाल्लं म्हना की."

"बापू, खात्री करू आधी," मी म्हटलं. वाटलं म्हणून मी कागदावर काही लिहीत नाही. एक पट्टी बेदाण्यासह खोक्यात, एक त्याच जातीच्या रिकाम्या खोक्यात, एक हवाबंद पिशवीत घालून स्टीलच्या डब्यात. तिन्ही ठेवायच्या आणि मी परवा येऊन बघायचं.

मधला दिवस

मधल्या दिवशी मी जतकडची जमीन पाहिली, सिंचनाच्या पाण्याच्या वेळा विचारल्या, एका सबस्टेशनच्या कुंपणाशी उभी राहून पापणी किती वेळा लवते ते मोजायचा प्रयत्न केला. मन कशातच नव्हतं. डाव्या बाजूची यादी वाढत होती. कोरडी हवा. मोकळी जमीन. सोनं-चांदी ओळखणारी माणसं, जी देशाच्या कानाकोपऱ्यातून परत यायला तयार आहेत. आमच्या धंद्याला लागणारे वायू आणि रसायनं दुरून आणावी लागतील हे खरं, पण ती पुण्यालाही आणावी लागतातच. वाईची माया घरी ठेवली होती, ही कवठ्याची माया वाटेत कुठे चढली कळलं नाही.

साहेबांचा फोन आला. "काय म्हणतंय गाव?"

"उद्या सांगते."

"तुम्ही आणि उद्या?" ते म्हणाले. "तब्येत बरी आहे ना?"

पुन्हा बापूंकडे

गाडी थांबायच्या आधीच मी दार उघडलं, म्हणून संतोष ओरडला. ओसरीवर चौघं जमली होती. बापू, काकू, वैशाली आणि तिची लहान मुलगी. पाटावर पांढरं फडकं अंथरून त्यावर पट्ट्या ठेवलेल्या.

बेदाण्याच्या संगतीत राहिलेली पट्टी पिवळट तपकिरी, कडांना काळी. रिकाम्या खोक्यातली कडांना पिवळसर. स्टीलच्या डब्यातली पांढरी शुभ्र. इतकी पांढरी की बापूंनी ती हातातच घेतली नाही, नुसते वाकून बघत राहिले. काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच म्हणाल्या, "चिंचेचा हात लागला वाटतं."

"बापू, तुमची चांदी पास," मी म्हटलं. "पॅकिंग बदला."

"बेदाना बंद?"

"बेदाणा बंद नाही. वेगळा पाठवा."

सगळे एकदम बोलायला लागले. आणि मग माझ्या लक्षात आलं की फडक्यावर चौथी पट्टी होती. मी तीनच ठेवायला सांगितल्या होत्या. ही चौथी खालच्या बाजूने पांढरी, वरून पिवळी झाक आलेली.

"ही कुठली?"

वैशालीने क्षणभर सासऱ्यांकडे पाहिलं. "ही मी ठेवलेली. उघडी. खोलीच्या खिडकीत. रात्री चुलत्यांच्या शेडमध्ये धुरी दिली होती, वारा इकडचा होता."

 पट्टी काय सांगत होती ते तिला कळलं होतं आणि मलाही. बंद खोलीत, हवाबंद पिशवीत बापूंची चांदी टिकेल. पण आमचं सगळं युनिट, शेकडो यंत्रं, रोज उघडणारी दारं, या हंगामी हवेत नाही टिकणार. ज्या गोष्टीने बापू सुटले, त्याच गोष्टीने गाव अडकलं.

"अगं, मग ही दाखवलीस कशाला?" मी बोलून गेले.

"न दाखवता चाललं असतं?" तिने विचारलं. "युनिट इथं आलं असतं, आणि पुढच्या बेदाण्याला तुमचा सगळा माल काळा पडला असता. मग या भागाकडं परत कुणी फिरकलं असतं का?"

"लय बोलती," बापू म्हणाले. पण आवाजात तक्रार नव्हती. "शेडं बंद करा म्हनावं तर निम्मं गाव त्याच्यावर हाय. आन् शेडं बंद करून तरी कुनासाठी? ज्यो अजून आला न्हाई त्याच्यासाठी?"

 मी नमुने हवाबंद पिशव्यांत भरले आणि डबा मांडीवर घेऊन पुढे बसले. बेदाण्याची पिशवी बापूंनी स्वतः नेऊन डिकीत ठेवली. तिथेही त्यांना ती जवळ वाटली, म्हणून स्टेपनीच्या पलीकडे सरकवली. पुण्यापर्यंत संतोषने खिडक्या उघड्या ठेवल्या. "रिस्क नको ताई," म्हणाला. साताऱ्याला चहाला थांबलो तेव्हाही मी डबा हातात घेऊनच उतरले. माझ्या पायातली जोडवी काळी पडली होती.

पुणे

सोमवारी मी साहेबांना एक पान दिलं. डावीकडे साचे, पाणी, मुली, चांदी. उजवीकडे विजेची पापणी, कोयनेचे हादरे, सांगलीची काजळी आणि पूर, कवठ्याचा गंधक, आणि हे की या चांगल्या गोष्टी एका जागी नाहीत. पाणी एका टोकाला, कोरडी हवा दुसऱ्या टोकाला, साचे तिसरीकडे, आणि मुली पुण्याच्या बसमध्ये. खाली लिहिलं, युनिट टाकायचंच तर साताऱ्याजवळ, विजेची हमी घेऊन. आणि युनिट कुठेही गेलं तरी साचे देशमान्यांकडून, पट्ट्या बापूंकडून घ्याव्यात.

साहेबांनी दोनदा वाचलं. युनिट त्या दुसऱ्या राज्यात गेलं. साताऱ्याबद्दल "पुढच्या टप्प्यात बघू" असं म्हणाले. त्याचा अर्थ काय ते सांगलीच्या त्या मागच्या बाकावरच्या मुलीने मला आधीच सांगितलेलं होतं. पण पट्ट्यांवर तार चिकटली, ओढून तुटेना, आणि बापूंना सहा महिन्यांचं काम मिळालं. पुढचं त्यावर ठरणार.

मी वैशालीला फोन केला. युनिट येणार नाही हे आधी सांगितलं, काम येणार हे नंतर.

 ती म्हणाली, "म्हणजे ह्यांना काय सांगू ताई? सेलमचं दुकान मोडा म्हणू का नको?"

"सहा महिन्यांचंच आहे वैशाली. माझ्या भरवशावर दुकान मोडू नका."

"बरं. मोडू नका म्हणते. पण या म्हणते."

पाडवा होऊन गेल्यावर पहिला माल आला. नवं साधं खोकं, आत हवाबंद पिशव्या, वासही नाही. दोन दिवसांनी दुसरं खोकं आलं, घडाचं चित्र असलेलं. त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चांदी नाही. फक्त खायला.' ते आम्ही तपासणी विभागापासून दूर, कँटीनमध्ये फोडलं.

माल पास झाल्याचं सांगायला मी फोन लावला. पलीकडून अनोळखी पुरुषाचा आवाज आला, मराठीला सेलमचा हेल.

"मॅडम, मी सागर बोलतोय. वैशाली आत हाय, टाकीपाशी."

"मग बोलवा ना तिला."

"बोलावतो, पण हितनंच हाक मारावी लागंल," तो म्हणाला. "चपला काढल्यात, मोजं घातलंय, तरी अजून आत घेत न्हाई मला. म्हणती, आधी पाय धुऊन या."